नागभीडची भट्टी आणि माझा काचेचा बैल

मुख्याध्यापिकाबाईंनी अट घातली नसती, तर दिवाळीच्या सुट्टीत मी नागभीडला कशाला गेले असते? नागपूरला मुलींच्या शाळेत मी चित्रकला शिकवते. भट्टीत काच वितळवून मूर्ती घडवणारे करीमभाऊ मला इथल्याच एका प्रदर्शनात भेटले. शाळेत भट्टी बांधू, हिवाळाभर त्यांना शिकवायला बोलावू, असा हट्ट मी धरला. बाई म्हणाल्या, आधी तुम्ही शिकून एक धड वस्तू आणून दाखवा, मग बघू.

इतवारीहून नागभीडची छोटी गाडी सकाळी सुटते आणि तिला कसलीही घाई नसते. जाणाऱ्यांना माझा सल्ला एकच, पांढरं पातळ नेसू नका. माझं उमरेड यायच्या आत करडं झालं. पुढे दोन्हीकडे कापणीला आलेलं धान आणि मग जंगल. स्टेशनाजवळची धर्मशाळा स्वच्छ आहे, उशी मात्र घरून न्या. माझं जेवण करीमभाऊंच्याच घरी होतं. त्यांच्या पत्नी अमीनाबाई भाताबरोबर सुक्या झिंग्यांचं कालवण करायच्या. पहिल्या दिवशी मी ते पाण्याबरोबर गिळलं, तिसऱ्या दिवशी मागून घेतलं.

पहिला दिवस मेणाचा. जंगलातून गोंड बाया आणतात त्या मेणाचा मी बैल केला. करीमभाऊंनी तो फिरवून फिरवून पाहिला आणि ही शेळी गाभण आहे का, असं विचारलं. मी शिंगं वाढवली. मग त्यावर धानाचं तूस कालवलेली माती लिंपली. ऊब दिल्यावर मेण वितळून गेलं आणि आत बैलाची पोकळी उरली. तिच्यात रेल्वेच्या फुटक्या सिग्नलच्या दिव्यांची हिरवी काच कुटून भरली आणि साचा दिवसभर भट्टीत तापवला.

खरं शिक्षण त्यापुढे. भट्टीचं तोंड लिंपून, वर तुसाची राख पसरून तीन दिवस नुसतं बसायचं. गरम काचेला एकदम वारा लागला की ती तडकते. मी दर तासाला भट्टीला हात लावून यायचे आणि बोलणी खायचे.

"बाई, तिकडं पाहू बी नोका," करीमभाऊ म्हणाले. "काचेले समजते."

शेवटी मला लांब ठेवायला त्यांनी दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, ठरवून घोडाझरीच्या तलावावर धाडलं. जरूर जा, पण ऊन असताना परता. काठावर वाघाचे पंजे उमटलेले होते आणि गाडीवान ते मला फार प्रेमाने दाखवत होता.

तिसरा दिवस अजून सरायचा होता, पण सकाळी गेले तर भट्टीचं तोंड उघडं. करीमभाऊ माझ्याकडे पाठ करून बसलेले. समोर माझा बैल, वशिंडापासून पोटापर्यंत तडकलेला. मला इतका राग आला, की डोळ्यांत पाणीच आलं.

"मले रायवलं नाई, बाई," ते म्हणाले. "चाळीस वर्सं झाले, कोणी शिकाले आलं नाई. पयल्या शागिर्दाचा बैल कसा निंघाला, पाहाचा होता. तुमच्या मोठ्या बाईले सांगा, म्या फोडला."

दारातून अमीनाबाई म्हणाल्या, की रात्रभर हे झोपले नाहीत. मग मला रागावणं जमेना. तो बैल मी पातळात गुंडाळून गाडीत मांडीवर घेऊन बसले.

शाळेत बाईंनी तो खिडकीशी धरला. तडा कसा गेला, असं विचारलं. खरं सांगितलं असतं तर स्वतःचीच भट्टी वेळेआधी उघडणाऱ्या उस्तादाला कोण बोलावणार? मी म्हटलं, घाई केली मी.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग त्यांना बोलवाच. तुमच्यावर नजर ठेवायला कुणीतरी हवं."

बैल आता माझ्या टेबलावर आहे. सकाळचं ऊन आलं की सगळ्यात जास्त चमकतो तो तडाच, आणि मला तो आवडायला लागला आहे. नागभीडला मी त्याच दिवशी पोस्टकार्ड टाकलं: लगेच निघा, अमीनाबाईंनाही आणा. आणि खाली जाड अक्षरांत: भट्टीच्या खोलीची किल्ली मात्र मुख्याध्यापिकाबाईंकडे राहील.