काकीचा धवळा आणि हेडफोनमधली ढोलकी

आमच्या घरी रेकॉर्डिंग चालायचं तेव्हा गाणं थोडं आणि किस्से जास्त व्हायचे. माईकची वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून मी ती धरून बसायचे. बोलायचे नाही, त्यामुळे ऐकलेलं सगळं माझ्याकडेच साठलं.

गाणारी आमची काकी. मुरबाडहून सिद्धगडाकडे जाताना आमचं गाव लागतं. आसपासच्या लग्नांत धवळे गायला बोलावणं तिलाच यायचं. तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागेल, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं. काकी माझ्या दादाला एवढंच म्हणाली, "मनूच्या लग्नाचा धवळा भरून ठेव रे."

मनू तिची मुलगी. तेव्हा तिसरीत होती.

दादा शहापूरला कॉम्प्युटर शिकवायचा. त्याने जुना कॉम्प्युटर, माईक आणि हेडफोन आणला. काकीने हेडफोनमध्ये कॉम्प्युटरवरची ढोलकी ऐकायची, गायचं, आणि माईकने फक्त तिचा आवाज घ्यायचा. "ढोलकी काय, पुढे कुणीपण वाजवील," दादा म्हणाला.

पहिल्याच दिवशी काकीच्या आवाजामागे ढोलकी टिकटिकताना ऐकू आली!

*

कारण पदरात सापडलं. काकीने डोक्यावरच्या पदरावरूनच हेडफोन चढवला होता. फटीतून आवाज बाहेर, आणि तिला ऐकू येईना म्हणून वर "वाढव रे, वाढव!"

"काकी, पदर काढ ना जरा."

"मेल्या, उघड्या डोक्यानं धवळा म्हणू?"

दोघंही हटेनात. शेवटी मी हळूच म्हटलं, "हेडफोन आत, पदर वर."

काकीने आरशात पाहिलं. "शिंगं फुटल्यागत दिसतंय गो!"

*

मग तिची सवय आडवी आली. वरचा सूर लागला की तिचा हात आपोआप डाव्या कानाशी जायचा आणि हेडफोन उचलायचा. तेवढ्यात ढोलकी माईकमध्ये! दादाने त्या बाजूचा आवाजच बंद केला.

"याचा एक कान मेला रे," काकी म्हणाली.

"मीच मारलाय."

"बरा नंबर लावलास. माझ्या गळ्याच्या आधी याचा कान गेला!"

आम्ही हसलो. काका उठून अंगणात गेले.

*

शेजारची येसूआजी बघायला आली. तिला ना ढोलकी ऐकू येत होती, ना दुसरी कुणी गाणारी दिसत होती. काकी भिंतीकडे तोंड करून एकटीच गात होती.

"गाठ घशात हाय का डोक्यात?" आजीने मला विचारलं.

काकीने ऐकलं. "डॉक्टरला इचारते. डोक्यातली पण त्याच टायमाला काढतील!"

*

धवळ्यात एका ओळीत नवऱ्यामुलाचं नाव घालतात. "तिथं मी गप राहीन," काकी म्हणाली. "नाव त्या वक्ताला कुणीतरी म्हणंल." पण त्या मोकळ्या जागेत, कितीही बारीक केली तरी, ढोलकी ऐकू यायचीच.

मुंबईला निघायच्या आदल्या दुपारी दादाने हेडफोनच काढून ठेवला. समोर बसून तो बोटाने ताल दाखवू लागला. काकी गायली. आवाज खरखरत होता, पण एकटा होता. नावाची जागा आली. ती थांबली. दादाचं बोट हवेत हलत होतं.

दारातून मनू म्हणाली, "आई, विसरलीस काय गो?"

रेकॉर्डिंग थांबवायला दादाचा हात माऊसकडे गेला. काकीने तळवा दाखवून त्याला थांबवलं आणि मनूकडे बघत पुढची ओळ उचलली.