मूठभर धूर

आधीच सांगून ठेवतो, हे ऐकून तुम्ही मला मूर्ख म्हणणार आहात. म्हणा! आख्खा कारखाना म्हणून बसलाय, त्यात तुमची भर.

मी मूळचा निपाणीचा. सध्या इंदूरला, सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आम्ही सिगारेट बनवत नाही, तिचं बूड बनवतो. फिल्टर हो! तो पांढरा, कापसासारखा दिसणारा तुकडा. नवा फिल्टर तयार झाला की त्याला तंबाखू जोडून थोडे नमुने बनवतात आणि आमच्यातले चार जण एका खोलीत बसून ते ओढून बघतात. नोकरीचा भाग म्हणून सिगारेट! कॉलेजात असताना कुणी सांगितलं असतं तर मी त्याचे पायच धरले असते.

कॉलेजात काय व्हायचं, आमचे अण्णा शाळामास्तर. निम्मं निपाणी त्यांच्या हाताखालून गेलेलं. सिगारेट ओढायची कुठं? एसटी स्टँडामागं. आणि तीसुद्धा मुठीत लपवून! जळतं टोक तळहाताच्या आत, फिल्टर अंगठा आणि दोन बोटांत घट्ट आवळलेला. लांबून बघणाऱ्याला वाटावं, मास्तरांचा पोरगा कसल्यातरी विवंचनेत तोंडाशी मूठ धरून उभा आहे. ती सवय लागली ती लागलीच. आता वयाची चाळिशी आली, तरी माझी सिगारेट मुठीतच.

तर झालं असं, की माझं प्रोबेशन संपायला आठवडा राहिला होता. कायम झाल्याचा कागद हातात पडला की कोल्हापूरहून मंजिरीला आणि पोरीला इकडं आणायचं. तुकोगंजात दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. घरमालक रोज फोन करायचा, "भिया, लेना है कि नी लेना?" आणि मी मुळातच चुळबुळ्या माणूस. बसलो की पाय हलवतो, उभा राहिलो की किल्ल्या वाजवतो. या आठवड्यात काहीतरी करून दाखवलंच पाहिजे, एवढंच डोक्यात घुमत होतं.

तेवढ्यात नवा फिल्टर आला. त्याची गंमत अशी, की त्याच्यावर गुंडाळलेल्या कागदाला गोल फिरून बारीक छिद्रं होती. डोळे बारीक केल्याशिवाय दिसायची नाहीत इतकी बारीक. झुरका घेतला की त्या छिद्रांतून बाहेरची हवा आत शिरते आणि धूर पातळ होतो. ओढणाऱ्याला वाटतं, वा, हलकी आहे! पुढं तो हलकी म्हणून दोन जास्त ओढतो, ती गोष्ट वेगळी.

आम्ही चौघं बसलो. दोघं लाइनवरचे, एक मी आणि एक पाटीदारजी. नमुन्यांचा तंबाखू मिसळायचं काम यांचं. रिटायरमेंटला आलेला माणूस, चिमूटभर तंबाखू नाकाशी नेऊन तो कुठला ते सांगणार. समोर वही घेऊन वाघमारे मॅडम. आजोबा पलटणीत होते म्हणून घर महूला, तिथून रोज येतात. सिगारेटला त्यांनी जन्मात हात लावलेला नाही. त्यांचं काम फक्त लिहायचं आणि प्रत्येकाची थोटकं त्याच्या नावाच्या पाकिटात भरून ठेवायची.

मी पहिला झुरका घेतला आणि सरळ ठसका! घशात किसणी फिरल्यासारखं झालं.

"कडक आहे," मी म्हणालो.

"हल्की है," बाकीचे तिघं म्हणाले.

"मशीनमध्येपण हल्कीच आली ना, सर," वाघमारे मॅडम म्हणाल्या. आमच्याकडं सिगारेट ओढणारं मशीन आहे. ते बिचारं दिवसभर ओढतं आणि तक्रार करत नाही.

"मशीनला घसा आहे का?" मी तडकलो. "मी निपाणीचा आहे! आमच्याकडं वाऱ्यालासुद्धा तंबाखूचा वास असतो."

"निपाणी का तो बीड़ी में जाता है, भिया," पाटीदारजी शांतपणे म्हणाले.

झालं! आता मी गप्प बसणार होतो थोडाच? मी जाहीर केलं की मिश्रणातच घोटाळा आहे. गोडसर व्हर्जिनिया कमी पडलाय आणि कोरडा, दणकट बर्ली जास्त झालाय. पाटीदारजींचा चेहरा एवढासा झाला. "चालीस साल से मेरे हाथ का ब्लेंड है," म्हणाले आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवं मिश्रण आणलं. माझा ठसका तोच. बर्ली जवळजवळ काढूनच टाकला, तरी तोच! मग मी फिल्टरच्या मागं लागलो. आतले धागे कमी भरलेत म्हणून ते वाढवायला लावले. मग छिद्रं पाडणाऱ्या यंत्रावर घसरलो, ते उघडून पुसायला लावलं. लाइन बंद. माणसं स्टुलांवर बसून शेव खातायत आणि मी लॅब ते लाइन, लाइन ते लॅब येरझाऱ्या घालतोय. रात्री झोप नाही. झुरक्यांनी छाती भरून आलेली. पण माघार? नाव काढू नका!

चौथ्या दिवशी मी फिरून तंबाखूवरच आलो आणि कळस केला. प्लांटचे मोठे साहेब गुप्ताजी, त्यांना मेल लिहिला: सगळा माल थांबवावा, नमुन्यांच्या तंबाखूच्या मिश्रणात मूलभूत दोष, त्यामुळं फिल्टरच्या चाचण्या भरवशाच्या नाहीत. मूलभूत हा शब्द मला फार आवडला होता. मेल मी थेट ग्राहक कंपनीलाही, म्हणजे आमचे फिल्टर घेऊन सिगारेट बनवणाऱ्यांनाही पाठवला. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही!

दुसऱ्या दिवशी ग्राहक कंपनीचे साहेब दारात. गुप्ताजी घामाघूम. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "देखो, बात सही निकली तो तुम आज ही परमानेंट. गलत निकली तो निपाणी की टिकट मैं कटा के दूँगा." पाटीदारजी खिडकीपाशी उभे होते, माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते. ब्लेंड चुकीचा ठरला तर त्यांची चाळीस वर्षं पाण्यात, आणि बरोबर ठरला तर मी रस्त्यावर.

मी सर्वांसमोर नमुना पेटवला. झुरका घेतला. खोकलो. जरा जास्तच खोकलो, खोटं कशाला बोलू! "बघा," मी विजयानं म्हणालो.

"सर, एक विचारू का?" वाघमारे मॅडम. त्यांनी टेबलावर कोरा कागद पसरला आणि पाकिटांतली थोटकं त्यावर उलटी उभी करून ठेवली. "हे तिघांचे पाहा. बुडाला मधे टिकलीसारखा डाग आहे, अन् किनारा गोरा. छेदातून हवा आली की असंच होते. आता हे तुमचे. काठासकट पूर्ण कत्थई! चार दिवसांचे सगळे असेच आहेत."

"म्हणजे माझ्या नमुन्यांना छिद्रंच पडली नाहीत!" मी ओरडलो. "मी तेच म्हणतोय!"

"छेद आहेत, सर. मी भिंगातून पाहून राहिले दोन दिवसांपासून." त्या अडखळल्या, मग हळूच म्हणाल्या, "पण तुमी ती पकडता कशी, ते जरा पाहा ना."

खोलीतल्या सगळ्या नजरा माझ्या हातावर आल्या. मीही बघितलं. मूठ. जळतं टोक आत. आणि अंगठा आणि दोन बोटं बरोबर त्या छिद्रांवर, डब्याला झाकण लावावं तशी!

पाटीदारजी जवळ आले, माझी बोटं एकेक करून सोडवली, सिगारेट नीट दोन बोटांच्या टोकांत, छिद्रं मोकळी राहतील अशी ठेवली आणि म्हणाले, "अब खींचो."

ओढली. हलकी! पिसासारखी हलकी! मला तर लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी पाटीदारजींची सर्वांदेखत माफी मागितली. ते म्हणाले, "होता है भिया," पण डोळे पुसले त्यांनी. ग्राहक कंपनीचे साहेब मात्र खूश. असं धरणारी लाखो माणसं असणार, मशीनला बोटं नसतात, छिद्रं कुठं पाडायची याचा नव्यानं विचार करायला हवा, असं काहीबाही त्यांनी लिहून घेतलं. जाताना माझ्या मुठीचे फोटो काढले. त्या फोटोंच्या जोरावर मी कायम झालो. कागद देताना गुप्ताजी म्हणाले, "हाथ परमानेंट हुआ है, बाकी का तुम्हारा देखेंगे."

हे सगळं मी मंजिरीला सांगितलं, ही पुढची चूक. "मी हलकीच ओढतो" हे वाक्य ती माझ्याकडून आठ वर्षं ऐकत होती. तिनं ते तासाभरात निपाणीला पोचवलं. लगेच अण्णांचा फोन!

"मुठीत धरायचास म्हणे. कशाला?"

"तुम्हाला दिसू नये म्हणून, अण्णा."

"अरे, स्टँडामागं मला पहिल्या दिवशीच दिसलास तू. बोटांतनं धूर निघत होता की! म्हटलं, लपवतोय म्हणजे लाज आहे, सोडेल आपोआप. वीस वर्षं वाट बघतोय."

उठलो, खिडकीशी गेलो आणि जन्मात पहिल्यांदा अण्णांशी मन मोकळं केलं. चुकलं माझं, म्हणालो. तुम्हाला फसवतोय असं वाटून मीच फसत होतो. आजपासून बंद, पोरीची शपथ. चांगलं पाच मिनिटं बोललो, डोळ्यांतून पाणी.

"हॅलो? हॅलो? बोल की! आवाज येईना तुझा!"

मी मोबाईल कानापासून काढून बघितला. मुठीत आवळला होता. खाली माइकचं ते बारीक छिद्र असतं ना, त्याच्यावर अंगठा!

"काय म्हणत होतास?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "जेवलात का?"