अंडं, काटा आणि गोपाळचा टमाटर

कापडाच्या दुकानात कटपीस साचतात ना, तसे आमच्या गच्चीचे किस्से माझ्याकडे साचलेत. टाकवत नाहीत आणि विकतही कोणी घेत नाही. बायको म्हणते, गिऱ्हाईक नसलं की तुम्ही हेच उलगडून बसता. खरं आहे. तेव्हा बसा, आज गिऱ्हाईक नाहीच.

मोहाडीत माझं दुकान, वर राहतं घर आणि त्यावर गच्ची. ऐंशी सालाच्या आसपास या गच्चीवर आम्ही मातीशिवाय टमाटर पिकवत होतो. हो, मातीशिवाय! पत्र्याच्या टबात नदीची बारीक गिट्टी, तिच्यात रोपं आणि मुळांना खताचं पाणी. डोकं गोपाळ मास्तरचं. तो शाळेत विज्ञान शिकवायचा. सोबत रेडिओ दुरुस्त करणारा रमेश, आंधळगावचा विणकर नत्थू आणि जागेचा मालक म्हणून मी.

गोपाळला हे वेड का लागलं, ते आधी सांगतो. त्याचे वडील आंधळगावला धान करायचे. आम्ही त्यांना काकाजी म्हणत असू. गोपाळनं मास्तरकी धरली तेव्हापासून काकाजी चारचौघांत सांगायचे की पोराच्या हाताला आता माती लागत नाही. गोपाळला ते फार झोंबायचं. त्यानं एकदा वडिलांना सांगून टाकलं, "बाबा, या हिवाळ्यात माह्या हातचा टमाटर तुमाले चारतो." काकाजींनी शांतपणे उत्तर दिलं, "मातीबिगर आलेलं भेदरं मी तोंडात घालत नाही." टमाटरला ते भेदरं म्हणायचे. झालं! गोपाळला दुसरं काही सुचेना.

* * *

खताचं पाणी पातळ झालं तर रोप उपाशी राहतं आणि कडक झालं तर मुळं जळतात. म्हणजे सगळा खेळ पाणी बेताचं करण्याचा. बेत मोजायचा कशानं? पुस्तकात यंत्राचं नाव होतं, यंत्र मात्र मोहाडीत कोणी पाहिलेलं नव्हतं.

गोपाळ म्हणाला की यंत्र कशाला, आपल्याकडे अंडं आहे. आता आमच्या भागात हे सगळ्यांना ठाऊक. धानाचं बियाणं निवडायला पाण्यात मीठ घालत जायचं. अंडं तरंगलं की मीठ बरोबर झालं. मग त्यात धान टाकायचा, पोचट दाणे वर येतात. गोपाळ मास्तर झाला तरी शेवटी धानकऱ्याचाच पोरगा! शेजारून अंडं आणून टबाच्या पाण्यात सोडलं. आम्ही युरिया, पोटॅश ओतत गेलो, ढवळत गेलो. अंडं बुडालेलंच. आणखी ओतलं. शेवटी अंडं डुलत वर आलं आणि आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळी रोपं उकळत्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी पडली होती.

बाजाराच्या दिवशी काकाजी आले. टबात वाकून पाहिलं, अंडं अजून वर डुलतच होतं. म्हणाले, "यात धान टाकला असता तं बियाणं तरी निवडून झालं असतं."

* * *

नवी रोपं लावली. गोपाळला त्यांच्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट हवं होतं. ते खताच्या दुकानात मिळेना, म्हणून तो औषधांच्या दुकानात गेला. तिथे त्याला साधं नाव आहे, जुलाबाचं मीठ. मास्तरनं मोठी पिशवीभर मागितलं. दुकानदारानं एकदा दिलं, दुसऱ्यांदा दिलं, तिसऱ्यांदा मात्र हात आखडला आणि हळूच विचारलं, "मास्तर, घरात कोनाले तरास हाये?"

गोपाळनं सांगितलं की टमाटरला पाजायचं आहे. दुकानदारानं समजूतदारपणे मान हलवली. लाजेपोटी माणूस काहीही सांगतो, असं त्याला वाटलं असावं.

बातमी आंधळगावला पोचायला वेळ लागला नाही. काकाजी सायकल हाणत आले ते थेट गोपाळच्या घरी. हातात हरड्याची पुडी! सूनबाईला म्हणाले, "मले काहून नाही सांगितलं?" गोपाळनं गच्चीवर आणून टब दाखवला. काकाजींनी टबात वाकून पाहिलं आणि पुडी गोपाळच्याच खिशात घातली. म्हणाले, असू दे, कामी येईल.

* * *

मग रमेश पेटला. टॉर्चच्या जुन्या सेलमधून त्यानं काळे कार्बनचे रॉड काढले, त्यांना वायरी जोडल्या आणि मध्ये एक नवा सेल व एका मोडक्या यंत्रातलं काट्याचं मीटर लावलं. खत जास्त असेल तर पाण्यातून वीज जास्त वाहणार आणि काटा जास्त चढणार, एवढं साधं. रॉड टबात सोडले आणि काटा खरंच टणकन चढला! त्या दिवशी मी सगळ्यांना जिलेबी चारली.

तेवढ्यात नत्थू ओरडला, "उतरून राह्यला!" काटा हळूहळू खाली येत होता. गोपाळचा चेहरा उजळला. म्हणाला, रोप जेवतंय! खत कमी होतंय म्हणून काटा उतरतोय. आम्ही खालून बायकांना बोलावून आणलं. रोपाचं जेवण डोळ्यांनी दिसतंय म्हटल्यावर शेजारच्या गच्च्यांवरही माणसं उभी राहिली. गोपाळनं तर त्यांना छोटंसं भाषणच दिलं.

माझ्या बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग बादलीत थोडं खताचं पाणी घेतलं, रॉड त्यात टाकले आणि बाजूला झाली. बादलीत रोप नव्हतं, काही नव्हतं. काटा तसाच हळूहळू उतरत होता.

"इथं कोन जेवून राह्यलं?" तिनं विचारलं.

रमेशनं मान खाजवली. रॉडवर बारीक बुडबुडे साचतात आणि वाट अडते, हे त्याच्या मग ध्यानात आलं. तेव्हापासून नियम झाला की रॉड पुसायचे, बुडवायचे आणि लगेच वाचायचं.

* * *

तरी भांडणं होतीच. एकच पाणी, मी मोजलं की काटा कमी, नत्थूनं मोजलं की जास्त. नत्थूला वाटायचं की त्याच्या हातात गुण आहे. खरी गोष्ट ही की आम्ही रॉड हातात धरायचो. ते जवळ आले की काटा चढायचा, लांब गेले की पडायचा. नत्थूचा हात विणकराचा, त्याला सगळं घट्ट लागून हवं असायचं!

हे उमगल्यावर त्यानंच तोड काढली. मागावरचा एक मोडका धोटा आणला, तोच ज्यानं आडवा धागा इकडून तिकडे जातो. त्याला दोन भोकं पाडून रॉड पक्के बसवले. आता कोणीही मोजा, अंतर तेच. कोशाचं रेशमी लुगडं विणणाऱ्या त्या धोट्याला टमाटरचं पाणी चाखायची वेळ आली म्हणून नत्थू हळहळला, पण धोट्याला त्यानं कोणाला हात लावू दिला नाही.

यानंतर मात्र रोपं अशी उठली, अशी उठली की विचारू नका! फुलं आली, हिरवी फळं लागली. गोपाळ शाळेतून आधी गच्चीवर यायचा आणि मग घरी जायचा.

* * *

आता तो बाजाराचा दिवस. एक टमाटर पिकून लालभडक झाला होता, बाकी अजून हिरवे. त्या एकावर गोपाळनं माझ्या बायकोलाही नजर टाकू दिली नव्हती. सकाळपासून त्याला बसवत नव्हतं. मला म्हणाला, "आज बाबांनी नाही खाल्ला, तं मी हे सगळं उचलून नदीत टाकतो." आणि तो खरंच टाकेल, हे मला त्याच्या आवाजावरून कळलं.

काकाजी आले. दर बाजाराला सुनेसाठी घरामागच्या सांदवाडीतली भेदरी आणायचे, तशी पिशवी खांद्याला होतीच. गोपाळनं टमाटर तोडला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. काकाजींनी तो घेतला, फिरवून पाहिला, हुंगला. खाल्ला नाही.

"हा काटा कायचा होय?" त्यांनी विचारलं.

"पाण्यात किती जेवन हाये, ते सांगते."

"भेदऱ्यातलं सांगते का?"

काकाजींनी नत्थूच्या हातून धोटा काढून घेतला आणि दोन्ही रॉड गोपाळच्या त्या एकुलत्या एका टमाटरात खुपसले. गोपाळनं डोळे मिटून घेतले. काटा चढला. काकाजींनी काट्याची जागा नीट पाहून ठेवली, रॉड काढले, धोतराला पुसले. मग पिशवीत हात घालून आपलं सगळ्यात चांगलं भेदरं काढलं आणि त्यात रॉड खुपसले.

आम्ही सगळे मीटरवर वाकलो. काटा चढला आणि थांबला. अगदी त्याच रेघेवर!

काकाजींनी रॉड पुसून गोपाळचा टमाटर पुन्हा मोजला. आपलं भेदरं पुन्हा मोजलं. काटा त्या रेघेवरून हलला नाही.

त्यांनी आपलं भेदरं पिशवीत परत टाकलं, गोपाळचा टमाटर हातात ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "घरात मीठ असंल का थोडंसं?"