तळाची साखर

कोकमाचा आंबट वास आला की मला रोह्याच्या घरातली ती दुपार आठवते. धाकटा भाऊ पेणहून आला होता आणि हौसेनं आईसाठी सरबत करत होता. त्यानं पेल्यात आधी बर्फ घातला, मग साखर. गार पाण्यात साखर लवकर विरघळत नाही, हे कंपनीत रसायनं ढवळणाऱ्या मला ठाऊक होतं. पण आईनं तोंड वाकडं करावं म्हणून मी गप्प बसलो. पहिल्या घोटाला तिनं डोळे घट्ट मिटले. तळाशी पोचली तशी हसायला लागली, "शेवटाला गोड ठेवलंस व्हय रे, लबाडा!" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्याची आपली पहिल्यापासून एकच चव, आंबट." आई आता नाही. भाऊ अजूनही मायेनं दादा म्हणतो, आणि मला त्याच्याकडे सरळ बघवत नाही.