प्रेमानंदचं यल्ला

मस्कतच्या वादी कबीर भागातल्या एका गॅरेजात प्रेमानंद डेंटिंगचं काम करायचा. ठोकलेलं दार असं सरळ करायचा, की कुठे लागलं होतं ते मालकालाही सापडू नये. हाताचा असा सावकाश माणूस, पण तोंडाचा उतावळा. जॅक वर घ्यायचा तरी अरबीतलं ‘यल्ला’, म्हणजे ‘चला’, चहा आला तरी ‘यल्ला’.

त्याची मुलगी प्रणाली बारावीत होती आणि तिथल्याच एका नावाजलेल्या फुटबॉल अकादमीत बचावफळीत खेळायची. चांगलं खेळणाऱ्या मुलींना अमेरिकेतली कॉलेजं फुकट शिकवतात, असं कुणीतरी सांगितलेलं प्रेमानंदच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्याच्या बायकोला, गिरिजाला, ते मुळीच पटत नव्हतं.

“बोर्डाचं वर्ष आहे,” २०१६ मधल्या त्या शुक्रवारी सकाळी तिनं बजावलं. “आज ती कॉलेजवाली बाई येणार ना बघायला? तिनं विचारलं तर ठीक. नाहीतर फुटबॉल बंद आणि क्लास सुरू.”

“ठरलं,” प्रेमानंद म्हणाला. मुलीला कुणी विचारलं नाही.

गाडीत प्रणाली गळ्याला रुमाल गुंडाळून बसली होती. आवाज पार बसला होता. “आज कॉल कोच देणार,” ती कुजबुजली. कसला कॉल, हे विचारायचं प्रेमानंदला सुचलं नाही. त्याच्या मनात ती बाईच होती.

बाई मैदानाच्या कडेला टोपी घालून, हातात कागद घेऊन उभी होती. प्रेमानंद मुद्दाम तिच्या जवळ, कोच महमूदच्या मागे जाऊन थांबला. सामना संपत आला तरी गोल नव्हता. प्रणाली आपली मागेच, जागा धरून. अशानं ही बाईच्या नजरेत भरणार कशी? समोरच्या संघानं चेंडू पुढे मारला आणि याच्या तोंडून निघून गेलं, “यल्ला!”

प्रणालीसकट बचावातल्या चौघी एकदम पुढे धावल्या. कॉल तोच होता; एरवी प्रणाली द्यायची, आज महमूद देणार होता. ‘यल्ला’ म्हटलं की सगळ्यांनी मिळून पुढे सरकायचं, म्हणजे मागे उरलेली विरुद्ध संघातली मुलगी ऑफसाइड ठरते आणि तिचा गोल धरत नाहीत. पण ते चेंडू सुटायच्या आधी. आता तो सुटून गेला होता. त्यांची नऊ नंबरची पोर मोकळ्या मैदानातून गेली आणि गोल झाला.

महमूदनं वळून पाहिलं. गोलकीपर ओरडत होती, “कोण बोललं? कोण?” प्रणालीनं एकदा बापाकडे पाहिलं. मग हात वर केला आणि छातीवर थापटला. चूक माझी.

सामना गेला. प्रेमानंद त्या बाईपाशी पोचला. “मॅडम, नंबर फोर गुड गर्ल. यल्ला मी बोला. शी नो. शपथ, मी!”

बाईंनी कागद पाहिला. त्या नऊ नंबरसाठी आल्या होत्या, असं त्यांनी सावकाश, त्याला समजेल असं सांगितलं. चार नंबरकडे त्यांचं लक्षच नव्हतं. सॉरी.

घराचं दार उघडताच गिरिजानं विचारलं, “विचारलं?”

“नाही.”

“मग उद्यापासून क्लास.”

“क्लास लाव,” प्रणाली फाटक्या आवाजात म्हणाली. “मार्क मी आणीन. पण मंगळवारी मी प्रॅक्टिसला जाणार.”

“आता कशाला? अमेरिका तर गेली ना?”

“मला कुठे जायचं होतं? बाबाला जायचं होतं.”

गिरिजा नवऱ्याकडे बघत राहिली. तो खाली वाकून बुटाची नाडी सोडू लागला, जरा जास्तच वेळ.

“पण बाबा, तू गाडीतच बसायचं. काचा वर.”

“आधी मिठाच्या गुळण्या कर,” गिरिजा म्हणाली आणि पाणी तापवायला आत गेली.

मंगळवारी प्रेमानंद मैदानाबाहेर एसी लावून, काचा बंद करून बसला. प्रणालीला आवाज आला होता. तिनं पहिला कॉल दिला तेव्हा काचेच्या आत त्याचेही ओठ हलले.