लॅपटॉपचं दावं

रिटायर झालेल्या माणसानं काय घ्यावं, हे आमच्या भुसावळच्या रेल्वे कॉलनीत जवळजवळ ठरलेलं आहे. झोपाळा, काशीचं तिकीट, फार तर गुडघ्याचा पट्टा. मी गेमिंग लॅपटॉप घेणार म्हटल्यावर बायकोनं कपाळावर हात मारला. "म्हातारपणमा काय खूळ लागनं तुम्हले!" संध्याकाळपर्यंत बातमी सगळ्या लाइनीत गेली. दुधवालासुद्धा माझ्याकडे बघून हसायला लागला. हसेना का! मला तर आनंदानं जेवण जात नव्हतं.

त्याचं कारण जुनं आहे. मी जन्मभर रेल्वेचं इंजिन चालवलं. आमच्यात ड्रायव्हरची शेवटची फेरी म्हणजे लग्नासारखी असते. इंजिनाला झेंडूच्या माळा, फलाटावर ढोल, घरची माणसं नटूनथटून उभी. गाडी थांबली की ड्रायव्हर खाली उतरतो आणि त्याच्या गळ्यात हार पडतात. मी अशा कितीतरी जणांना हार घातले. माझी पाळी यायच्या आधीच्या वर्षी डोळ्यांच्या तपासणीत लांबचा सिग्नल मला पुसट दिसला आणि माझं इंजिन सुटलं ते सुटलंच. उरलेले दिवस मी ऑफिसातल्या खुर्चीवर बसून दुसऱ्यांच्या ड्यूट्या लावल्या. रिटायरही त्या खुर्चीवरूनच झालो. शाल, नारळ, पेढा आणि वेफर्सची कागदी प्लेट. माझ्या फलाटावरच्या दिवसासाठी बायकोनं हौसेनं मोरपंखी साडी घेऊन ठेवली होती. ती कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून राहिली. साडीबद्दल बायको कधी बोलली नाही आणि मीही विषय काढला नाही. पण कपाट उघडलं की मला ती दिसायची.

मग दिवाळीत पुण्याहून लेक आली आणि तिनं मोबाइलवर मला कॉम्प्युटरवरच्या एका खेळाचा व्हिडिओ दाखवला. त्यात आपण गाडी चालवायची. हॉर्न, ब्रेक, सिग्नल, सगळं खऱ्यासारखं. कुणा हौशी पोरांनी त्यात मनमाड ते भुसावळ हा आमचा मार्गसुद्धा उभा केला होता. पडद्यावर पाचोऱ्याचा फलाट आला आणि मी खुर्चीतून ताडकन उठलोच. "हे मला पाहिजे," मी म्हणालो. लेक म्हणाली, "बाबा, आपल्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यावर हे उघडणारसुद्धा नाही. याला गेमिंग लॅपटॉप लागतो." नव्याची किंमत ऐकून मी पाणी प्यायलो. मग सेकंडहँड. बायकोनं पस्तीस हजारांची हद्द घालून दिली, वर रुपयाही नाही.

सेकंडहँडच्या जाहिराती मी वाचल्या आणि मला स्थळांच्या पत्रिका आठवल्या. सगळेच सुस्वभावी, सगळेच फार कमी वापरलेले. जळगावात एकानं दाखवलेल्या लॅपटॉपच्या पडद्यावर वरून खालपर्यंत हिरवी रेघ होती. "काही नाही काका, ती नुसती रेघ आहे," असं तो म्हणाला, म्हणजे जणू मी कपड्यावरचा डाग दाखवला होता. दुसऱ्याचा सुरू केल्यावर पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. मी चिडून परत यायचो आणि जेवण झालं की पुन्हा जाहिराती उघडून बसायचो.

शेवटी धुळ्याची एक मुलगी सापडली. तिचं इंजिनिअरिंग झालं होतं, पुण्यात नोकरी लागली होती आणि कंपनीनं लॅपटॉप दिल्यामुळे स्वतःचा काढायचा होता. फोनवर तिनं विचारलं, "काका, मुलासाठी घेताय का?" मी म्हणालो, "नाही, मलाच रेल्वे चालवायची आहे," आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं, हुकलेली फेरी आणि हारसुद्धा. तिनं मी कुठल्या मार्गावर होतो ते विचारून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही या. तो खेळ आणि तुमचा मार्ग मी आधीच चढवून ठेवते."

एकट्यानं जायचा धीर होईना, म्हणून मी माझ्या थोरल्या भावाला, नानाला, बरोबर घेतलं. नाना एरंडोलजवळ गावी शेती करतो. लॅपटॉपमधलं त्याला ओ की ठो कळत नाही, पण अख्ख्या गावाची बैलं त्यानं पारखून आणली आहेत. एरंडोलला तो एसटीत चढला तोच म्हणाला, "वापरेल माल म्हंजे बाजारनंच जनावर. तू फकस्त गप बस."

मुलीचं घर धुळ्यात, देवपुरात होतं. तिचे वडील, आबा, जुने शेतकरी. ओट्यावर लॅपटॉप मांडून ठेवलेला, काळा, रुंद, जड. सुरू केल्यावर कळांखालून लाल उजेड आला आणि माझ्या अंगावर काटा आला. नानानं चष्मा पुसला आणि कळांवरून अंगठा फिरवला. "चार दात झिजेल शेतस," तो म्हणाला. खरंच, डाव्या बाजूच्या चार कळांवरची अक्षरं पुसली होती. मुलगी हसत म्हणाली, "नाना, खेळताना त्याच जास्त लागतात." नाना खूश झाला. "मंग कामनं जनावर शे. घाम येस का याले?" मुलीनं जड खेळ लावून लॅपटॉप बराच वेळ भर दुपारच्या ओट्यावर चालवून दाखवला. पंखे जोरात फिरले, कडेची जाळी तापली, पण चित्र काही अडलं नाही. नानानं माझ्याकडे बघून मान हलवली.

मग नानानं खांद्यावरचा रुमाल काढला. आबांनीही लगेच हात पुढे केला. रुमालाखाली दोघांची बोटं दाबली जायला लागली, बैलबाजारात भाव ठरतो तशी. वर चेहरे दगडासारखे. मुलगी तोंड उघडं टाकून बघत होती आणि माझा जीव त्या रुमालाखाली होता. शेवटी दोघं एकदमच हसले. सौदा माझ्या हद्दीच्या आत बसला होता! मुलगी कोपऱ्यावर पेढे आणायला पळाली. मी लॅपटॉप शालीत गुंडाळायला लागलो. तेवढ्यात नानानं काहीतरी नीट वेटोळं करून आबांच्या हातात दिलं, आबांनी ते कपाळाला लावून आत नेलं. मी बघितलं, पण हरखलेल्या माणसाला काय दिसतंय! मुलगी पेढे घेऊन आली, तोंडं गोड झाली, आम्ही निघालो. भुसावळपर्यंत मी लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं कुरकुरत का होईना, लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं. मी आंघोळ करून, जुना गणवेशाचा शर्ट घालून बसलो. मनमाडहून गाडी काढायचा दम नव्हता, म्हणून पाचोऱ्याहून सुरुवात केली. हॉर्न वाजवला तेव्हा बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, छातीत धसकलं माझ्या!" मी नजर समोरून हलवली नाही. ड्यूटीवर होतो. सिग्नल हातभरावर होता आणि मला अगदी लख्ख दिसत होता. जळगाव गेलं. तापलेल्या रुळांची चमक, दोन्ही बाजूंना केळीचे मळे. माझे हात आपोआप चालत होते आणि मी मोठमोठ्यानं गात होतो.

भादली स्टेशन आलं. पुढचं स्टेशन भुसावळ. आणि पडदा काळा झाला.

बॅटरी संपली होती. मी पिशवी उपसली, शाल झटकली, पलंगाखाली वाकलो. चार्जर नव्हता. हातातोंडाशी आलेला घास गेला. मी नानाला फोन लावला आणि ओरडलो, "नाना, त्याची वायर कुठंय?"

"वायर?" नाना शांतपणे म्हणाला. "दावं ना? दावं दिधं ना त्यासले. जनावर लेवानं, दावं घरधनीनं ऱ्हास."

मी कपाळ धरून खाली बसलो. आमच्याकडे विकलेल्या बैलाचं दावं, म्हणजे त्याची बांधायची दोरी, घेणारा नेत नाही. ते विकणाऱ्याच्या गोठ्यात राहतं, नाहीतर त्याची लक्ष्मी बैलाबरोबर निघून जाते. नानानं बैल घेताना जन्मभर ही रीत पाळली होती. लॅपटॉपला अडकवलेली ती काळी दोरी आणि तिच्यावरची चार्जरची वीट बघून त्यानं सवयीनं ती सोडली आणि मालकाच्या हाती दिली. आणि आबा जुने शेतकरी, त्यांनी ती रीतीनंच घेतली. मुलीला वाटलं, चार्जर आमच्या पिशवीत आहे. मी फोनवर नानाला नाही नाही ते बोललो. बायको मात्र ओट्यावर बसून पदर तोंडाला लावून हसत होती. "अजून न्या नानाले!"

धुळ्याला फोन केला तर आबा म्हणाले, "आमी म्हटलं, किती रीतीची माणसं! गोठ्यात खुंटीला अडकवेल शे." आता त्यांच्या खुंटीवरचं दावं काढायचं कसं, हा पेच. मार्ग नानानंच काढला. एरंडोलच्या बाजारातून सुताचं कोरं दावं घेतलं, धुळ्याला जाऊन आबांच्या खुंटीला अडकवलं आणि चार्जर सोडवून थेट भुसावळला हजर झाला. दारातच म्हणाला, "हाई ले तुनं दावं. आते बोंबलू नको."

त्याच दुपारी मी पुन्हा पाचोऱ्याहून निघालो. नाना शेजारी स्टूल घेऊन बसला. जळगाव गेलं, भादली गेलं. या वेळी कळांखालचे लाल दिवे जळतच होते. भुसावळचं यार्ड दिसायला लागलं आणि मी लांब हॉर्न दिला.

"कोणत्या फलाटाला येतेय?" मागून बायकोचा आवाज आला.

मी वळून पाहिलं. त्या उकाड्यात, घरात, भर दुपारी ती मोरपंखी साडी नेसून उभी होती. डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर पसरला होता. हातात अंगणातल्या झेंडूचा घाईघाईत ओवलेला हार.

"पुढं बघा," ती म्हणाली. "गाडी थांबायची आहे अजून."

मी पुढं बघितलं. समोर सगळं पाण्यातून दिसावं तसं दिसत होतं, पण ते स्टेशन मला पाठ होतं. हळूहळू ब्रेक लावला आणि गाडी फलाटाला लागली. मी खुर्चीतून उठलो, दोन पावलं खाली उतरल्यासारखा चाललो, आणि तिनं माझ्या गळ्यात हार घातला. नाना स्टुलाचाच ढोल करून वाजवायला लागला.