न्यू पिसेकची एकुलती एक डेमोक्रॅट

आल्बिना झाबका शिंकली की न्यू पिसेकमधल्या तमाम रिपब्लिकनांच्या पोटात गोळा यायचा.

यात माया किती आणि स्वार्थ किती ते गावाला विचारू नका, गावालाही ठाऊक नाही. नेब्रास्काच्या त्या मक्याच्या मुलखात निवडणुकीचा नियम असा, की मतदानाच्या टेबलावर दोन्ही पक्षांचं निदान एकेक माणूस बसलंच पाहिजे. रिपब्लिकन म्हणाल तर गावात झाडून सगळे. डेमोक्रॅट एकच, आल्बिना, वय वर्षं एक्याऐंशी. ती नसली तर केंद्र बंद, आणि मत द्यायला पार काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, गावी जा. गावातली शाळा गेली होती, पोस्ट दुपारपर्यंतच उघडं असायचं, बँकेच्या इमारतीत आता टायर विकायचे. सेंट वेन्सेस्लास चर्चच्या तळघरातलं मतदान तेवढं उरलं होतं. त्या दिवशी चिली, म्हणजे राजमा-खिम्याचं कालवण, आणि दालचिनीचे रोल खायला अख्खं गाव एका छपराखाली यायचं, आणि तेही गेलं तर गाव म्हणून मिरवायला काही शिल्लक राहणार नव्हतं.

म्हणून बर्फ पडलं की पहिलं फावडं आल्बिनाच्या दारात पडायचं, पाद्रीबाबांच्या दारात दुसरं. तिच्या छपराच्या पन्हळी साफ व्हायच्या, टोमॅटो तिच्या पायरीवर आपोआप येऊन पडायचे. डॅरेल कुबिकच्या कॅफेत ती नुसती खोकली तरी काटे-चमचे थबकायचे. आल्बिनाला हे सगळं कळत होतं, आणि ती त्याचा पुरेपूर फायदा घेत होती. कंटाळा आला की उगीच छातीवर हात ठेवून "आई गं" म्हणायची आणि कोण कोण उठतं ते बघायची.

तिचं घराणं युरोपातल्या बोहेमियातून आलेल्या त्या लोकांपैकी, ज्यांनी आगबोटीतून उतरताना सामान तेवढं घेतलं आणि देवाला बोटीतच ठेवलं. गावाला दफनभूमीसुद्धा दोन आहेत, एक मानणाऱ्यांची, एक न मानणाऱ्यांची, मधे तारेचं कुंपण. आल्बिना मतदान आणि मयत सोडता चर्चची पायरी चढली नाही. पण चर्चमधल्या एकूण एक बाईचे केस कापले तिनंच. मेन स्ट्रीटवर तिचं दुकान होतं, आणि दुकानात तिचं तोंड सदा चालू असायचं. मानेवर कात्री असताना बाईशी वाद कोण घालणार? सगळ्या "हो गं, हो" करायच्या आणि बाहेर पडून मत द्यायचं त्यालाच द्यायच्या.

मतदानाच्या टेबलाशी तिच्या शेजारी रिपब्लिकनांतर्फे बसायचा तो लिओनार्ड पोस्पिशिल. धान्याच्या गोदामाचा जुना मॅनेजर, चर्चच्या कमिटीचा प्रमुख आणि आल्बिनाचा सख्खा शेजारी. दर निवडणुकीला सकाळी पेटीचं कुलूप तपासताना तो हळूच छातीवर क्रुसाची खूण करायचा, आणि आल्बिना मतदारयादी चाळत म्हणायची, "लिओनार्ड, यादीत त्याचं नाव नाही. परत पाठव."

"तुझं तरी वर कुठल्या यादीत आहे, ते मेल्यावर कळेल," लिओनार्ड म्हणायचा आणि तिच्यापुढं कॉफी सरकवायचा. असं वर्षानुवर्षं चाललं होतं, आणि दोघांनाही ते मनातून आवडत होतं.

मग त्या ऑगस्टात लिओनार्डची बायको गेली. डोरथी. बोलायला मऊ, चर्चला रोज जाणारी, दर शनिवारी सकाळी आल्बिनाच्या खुर्चीत. दुकान बंद झाल्यावरसुद्धा आल्बिना शनिवारी तिच्या घरी जाऊन केस धुऊन द्यायची, अगदी शेवटच्या आजारापर्यंत. डोरथीला माती देण्याच्या दिवशी आल्बिनानं पहाटे उठून खसखशीचं सारण भरून कोलाचे, म्हणजे बोहेमियातले गोड पाव, भाजले, डोरथीला आवडायचे तसे, कडा जरा करपलेल्या. तळघरातल्या जेवणासाठी ट्रे नेऊन दिला. जेवणं झाली, सगळ्यांच्या बशा रिकाम्या झाल्या, तरी टेबलावर तिचा ट्रे काही दिसेना. ती स्वयंपाकघरात गेली. ट्रे मागं फ्रीझरवर, पोछ्याच्या बादलीशेजारी होता. वरचा कागदसुद्धा काढलेला नव्हता.

स्वयंपाक बघणारी मार्ज लालेलाल झाली. "लिओनार्डनं सांगितलं गं. म्हणाला, आल्बिनाचं काही आज टेबलावर नको."

आल्बिना तो ट्रे उचलून भर रस्त्यातून घरी आली आणि ढसाढसा रडली. राजकारणावरून लोक तिला काय काय बोलले होते, तिनंही सोडलं नव्हतं कुणाला, पण तिच्या हातचं खाल्लं नाही असं कधी झालं नव्हतं. आपण या गावाच्या आहोत असं आपण उगाच धरून चाललो होतो की काय, हे तिच्या मनातून जाईना.

रडून झाल्यावर मात्र तिचं डोकं चालायला लागलं, आणि आल्बिनाचं डोकं चालायला लागलं की गावाची धडगत नसे. लिओनार्डनं दार उघडायचं बंद केलं होतं, दिसली की पडदा ओढायचा. बोलणार नाहीस काय? बघतेच. ऑक्टोबर उजाडला तशी ती डॅरेलच्या कॅफेत गेली आणि मधल्या टेबलावर बसून खणखणीत आवाजात म्हणाली, "डॅरेल, मी पक्ष बदलतेय."

डॅरेलच्या हातून कॉफी सांडली. "कुठल्या पक्षात जाताय?"

"आहेत किती? तुमच्याच."

"मिसेस झाबका, सकाळी सकाळी असं वाईटसाईट बोलू नका हो."

"का रे? शहाणी हो, शहाणी हो म्हणून तुम्हीच माझा जीव खात होतात ना? झाले शहाणी."

"एवढ्यात नका होऊ! नोव्हेंबरचं मतदान तरी जाऊ द्या!"

"येत्या शुक्रवारी काउंटीच्या ऑफिसात जाऊन मतदारयादीतला नावापुढचा पक्ष बदलणार," आल्बिना म्हणाली आणि तिनं ॲपल पायचा एक तुकडा मागवला. पैसे अर्थात डॅरेलनं घेतले नाहीत.

गावाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच संध्याकाळी कॅफेत बैठक बसली. कुणीतरी एकानं डेमोक्रॅट व्हायचं, नुसतं कागदावर, असं ठरलं. कोण होणार ते काही ठरेना. मायलो शिमेक म्हणाला, "माझी आई अजून जिवंत आहे. तिच्या डोळ्यांदेखत मी हे करणार नाही."

"मी झालो तर माझ्या कॅफेत जेवायला कोण येईल?" डॅरेल म्हणाला.

"आता तरी कोण येतंय?" मायलोनं विचारलं, आणि बैठक भांडणावर मोडली.

फादर केविन नवीन, कोवळे. त्यांनी बुधवारच्या प्रार्थनेत म्हणे "आमच्या एका भगिनीला तिच्या चुकीत स्थैर्य दे" असं काहीसं घातलं. आल्बिनाच्या कानावर ते गेलं तेव्हा ती इतकी हसली की शेजारच्या बाईला खरंच डॉक्टरला बोलवावंसं वाटलं.

शेवटी डॅरेल हात जोडून तिच्या दारात उभा राहिला. "काय केलं म्हणजे तुम्ही डेमोक्रॅट राहाल? सांगाल ते करू."

"शुक्रवार पुढच्या आठवड्यावर ढकलते," आल्बिना म्हणाली. "पण रविवारी लिओनार्डनं मला सांगायचं, मी डेमोक्रॅट का राहावं. मतदानकेंद्राचं रडगाणं नको हं. पक्षाची बाजू मांडायची. चांगली. चार लोकांत."

"लिओनार्डनं?" डॅरेल मटकन पायरीवर बसला. "त्यापेक्षा मीच होतो डेमोक्रॅट."

लिओनार्ड आधी नाही म्हणाला, मग मरेन पण नाही म्हणाला. पण अख्खं गाव रोज दारात येऊन बसायला लागलं, तेव्हा त्याच्या नाकी नऊ आले. रविवारी मिस्साच्या प्रार्थनेनंतर तळघरात पॅनकेक आणि सॉसेजची न्याहारी होती. बाया, पोरं, म्हातारे, सगळे आले. आल्बिना पहिल्या टेबलाशी पर्स मांडीवर घेऊन बसली. आता कोपऱ्यात सापडलास, आता बोल, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. लिओनार्ड कोट घालून उभा राहिला. तो चांगलाच वाळला होता.

"डेमोक्रॅट पक्षात..." त्यानं कोटाचं बटण लावलं. "डेमोक्रॅट पक्षात माणसं असतात."

"वा," आल्बिना म्हणाली. "पुढं?"

"काही वेळा त्यांचा हेतू बरा असतो."

"काही वेळा काढून टाक."

"हेतू बरा असतो. त्यांनी या भागात विजेच्या तारा आणल्या. माझे आजोबा त्यांनाच मत द्यायचे." तळघरात कुजबुज झाली. "त्या काळी सगळेच द्यायचे!" लिओनार्ड घाईघाईनं म्हणाला. "मायलो, तुझेसुद्धा!"

मायलोची आई पॅनकेक तोंडात धरून थांबली आणि सगळे खो खो हसायला लागले. त्या हसण्यानं लिओनार्डचं काहीतरी बिनसलं. त्यानं टेबलावर मूठ आपटली.

"हसता काय? आणि तू गं, मला काय कारणं विचारतेस? माझ्या डोरथीला पढवलीस ना सगळी? जायच्या आधी मला म्हणाली, लिओनार्ड, एक सांगायचं राहिलंय. मला वाटलं, असेल काही जुनं, बिचारीच्या मनाला लागून राहिलेलं. तर म्हणाली, मी कायम आल्बिनाच्या पक्षाला मत दिलं. कायम! या जिन्यावरून मी हात धरून तिला खाली आणायचो, आणि ती त्या पडद्याआड जाऊन माझं मत पुसून यायची!" त्यानं आल्बिनाकडं बोट रोखलं. "शनिवार शनिवार तिचे केस विंचरत तू माझ्या घरात शिरलीस. म्हणून ते तुझे कोलाचे मला नजरेसमोर नको झाले."

आल्बिनानं ज्या उत्तरासाठी एवढा तमाशा केला ते उत्तर तिला मिळालं होतं. पण ते ऐकून तिला हसू फुटलं. तिनं रुमाल तोंडाशी धरला तरी ते आवरेना, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते नुसतं हसण्याचं नव्हतं.

"मी पढवलं? मी? अरे येड्या, माझा बाप रिपब्लिकन! देव मानत नव्हता, पण पक्ष मानायचा. मी पण तशीच होते. दुकान उघडलं तेव्हा आरशाच्या वर फोटो कुणाचा होता? तुमच्याच माणसाचा! तो मला उतरवायला लावला तुझ्या बायकोनं."

"डोरथीनं?"

"मग काय माझ्या मांजरानं? तुम्हाला सगळ्यांना ती मऊ वाटायची. डोक्याला रोलर लावून बसायची आणि शनिवार शनिवार माझं डोकं खायची. मी म्हटलं, बाई, एवढं कळतं तर आधी यादीतला तुझा पक्ष बदल की. तर म्हणाली, लिओनार्डला मुळातच झोप कमी, उगाच कशाला. मग मी बदलला. दोघींतली एक तरी उघड असायला हवी ना. इतकी वर्षं गावाच्या शिव्या खाल्ल्या मी, त्यातल्या निम्म्या तिच्या वाटणीच्या आहेत!"

लिओनार्डनं खुर्ची ओढली आणि तिच्या समोर बसला. टेबलावर सांडलेल्या पॅनकेकच्या पाकात त्यानं बोट फिरवलं.

"काय म्हणायची?" त्यानं विचारलं.

"कोण?"

"ती. तुला कसं पटवलं तिनं? मला कधी काही बोलली नाही."

आल्बिनानं पर्स खाली ठेवली. "म्हणायची, रविवारी गुडघे टेकून रोजची भाकर मागायची, आमची म्हणून, सगळ्यांची. आणि निवडणुकीच्या मंगळवारी मत देताना हात आखडता घ्यायचा, हे मला जमत नाही. मी म्हटलं, मला देवाचं सांगू नकोस. तर म्हणाली, बरं, देवाचं राहू दे, भाकरीचं बोल. आता यावर मी काय बोलणार?"

"हे चूक आहे," लिओनार्ड म्हणाला. तो पुढं झुकला, कोटाची बाही पाकात गेली तरी त्याला पत्ता नव्हता. "भाकर आपण द्यायची असते. आपल्या हातानं, चर्चनं, शेजाऱ्यानं. सरकारनं खिशातून काढून घेतल्यावर त्यात दान कसलं?"

"लिओनार्ड हेच म्हणेल, असं ती म्हणायची."

"म्हणायची?"

"अगदी याच शब्दांत. तुझ्यासारखा आवाज काढून."

लिओनार्डच्या ओठाचा कोपरा हलला. "आणि त्यावर तिचं उत्तर काय होतं?"

"त्यावर तिच्याकडं तीन उत्तरं होती. पहिलं ऐक. तुझ्याच गोदामातल्या त्या हात गेलेल्या माणसाचं होतं..."

आजूबाजूला बायकांनी बशा उचलल्या, पोरं वर पळाली, मार्जनं ओट्यावरचे दिवेसुद्धा मालवले. दोघांचं काही उठायचं लक्षण दिसेना. लिओनार्ड मधेच "नाही, नाही, थांब" म्हणत होता, आल्बिना त्याच्या दुप्पट आवाजात त्याला गप्प करत होती, आणि तो पुन्हा "मग? मग काय म्हणाली?" विचारत होता. डॅरेल टोपी चुरगळत कितीतरी वेळ बाजूला उभा राहिला. अखेर त्याला राहवेना.

"मिसेस झाबका, मग ते शुक्रवारचं... तुम्ही आता आहात तरी कोणत्या पक्षाच्या?"

लिओनार्डनं त्याच्याकडं न बघता हात वर केला.

"थांब रे जरा," तो म्हणाला. "डोरथीचं बोलणं अजून संपलेलं नाही."